चावीवाल्याच्या मागून

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागा. आज लेणी पाहायची नाहीत. फुलंब्री मागे पडेल, सिल्लोड मागे पडेल. गोळेगावच्या पुढे डांबर विरळ होत गेले, मोबाइलचे मनोरे दिसेनासे झाले, तर गाडी थांबवू नका. वर्षे गळायला लागली आहेत. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापुरात पोहोचता तेव्हा 1920 चा नोव्हेंबर आहे, रात्रीचे तीन वाजले आहेत आणि तुम्ही घोंगडी लपेटून बैलगाडीत बसला आहात.

फर्दापूर हे निजामाच्या मुलखाचे टोक. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचा शिपाई कंदील उचलून गाडीत डोकावतो, गाठोडे चाचपतो आणि आडवा बांबू वर करतो. बांबूच्या पलीकडे इंग्रजांचा पूर्व खानदेश जिल्हा. तुमच्या खिशातले निजामाचे हाली सिक्के तिकडे चालवायचे तर बट्टा बसेल. गाडीवानाला याचे काही वाटत नाही. तो सोयगावकडचा; त्याची बहीण शेंदुर्णीला दिलेली, कापूस विकायचा तो पहूरला. राज्य बदलले हे त्याला या एका बांबूपुरतेच जाणवते. वाघूर नदी तर नाक्यावर थांबतही नाही. लेण्यांच्या कड्याखालून आलेली ती तशीच पहूरकडे वाहत जाते, आणि तुम्हीही तिकडेच निघाला आहात.

पहूर स्टेशन अजून नवे आहे. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी ही लाइन 1918-19 मध्ये सुरू झाली, साठ किलोमीटरही लांब नाही, आणि जीआयपी रेल्वे ती चालवते. लोकांनी पाचोरा-जामनेरचे 'पीजे' केव्हाच करून टाकले आहे. गाडीतून उतरा आणि रुळांत उभे राहा. दोन रुळांतले अंतर अडीच फूट; एक पाय या रुळावर, दुसरा त्या रुळावर सहज ठेवता येतो. तुमच्या संभाजीनगरात 1900 साली आलेली निजामाची गाडी मीटरगेज, म्हणजे तीसुद्धा हिच्यापेक्षा रुंद. अडीच फुटांवर गाडी चालवून पोट भरते का, अशी शंका तेव्हाच्या बड्या इंजिनियरांना होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या माणसाने 1897 मध्ये बार्शीची लाइट रेल्वे चालवून ती शंका मिटवली. कमी वजनाचे रूळ, हलकी इंजिने, कमी खर्च, आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाणारी गाडी. पीजे त्याच मापाची.

गाडी यायला अजून अवकाश आहे. स्टेशनाच्या कोपऱ्यात एक माणूस डोक्याला पागोटे गुंडाळून निघायच्या तयारीत उभा आहे. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला पाना, एका हातात गुंडाळलेली लाल आणि हिरवी निशाणे, पिशवीत रूळ जागी धरून ठेवणाऱ्या चार-सहा चाव्या, थोडे बोल्ट आणि पत्र्याच्या डबीत फटाके. हा चावीवाला. त्याच्या मागून चला.

"कुठी निघाले भो?" तो विचारतो. तुम्ही उत्तर शोधेपर्यंत तो चालू लागलेला असतो.

त्याची चाल आधी विचित्र वाटेल. तो इकडेतिकडे पाहत नाही. जाताना त्याची नजर एका रुळावर, येताना दुसऱ्यावर. दर काही पावलांनी हातोडा पडतो. घट्ट बसलेली चावी खणकन बोलते. सैल झालेली भद्द वाजते, आणि तो आवाज तुमच्या कानाला कळायच्या आत त्याच्या हाताला कळलेला असतो. दोन घाव, चावी आत. पुढे रुळांचा सांधा येतो. तो उकिडवा बसतो आणि दोन रुळांमधल्या फटीवर बोट फिरवतो. ही फट थंडीत उघडते, वैशाखात मिटते. ती उन्हाळ्याआधी नीट राखली नाही तर लोखंडाला पसरायला जागा उरत नाही आणि भर दुपारी रूळ बाजूला फुगतो. सांधा जोडणाऱ्या फिशप्लेटचा एक बोल्ट ढिला आहे. तो पाना लावतो, आवळतो, अंगठा ओला करून बोल्टवर ठेवतो, कशासाठी ते त्यालाच माहीत, आणि उठतो.

फटाक्यांबद्दल विचारा. ते दिवाळीचे नाहीत. रूळ तुटलेला दिसला, मोरी खचलेली दिसली, की गाडी येणाऱ्या दिशेने धावत जायचे आणि रुळावर फटाके बांधायचे. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की धडाका होतो आणि ड्रायव्हर गाडी उभी करतो. निशाण धुक्यात दिसत नाही, फटाका ऐकू येतोच. एवढ्या मोठ्या गाडीचा जीव त्या डबीत आहे, आणि ती डबी ज्याच्या पिशवीत आहे त्याचे नाव कुठल्या पाटीवर लागणार नाही.

दिवस वर येतो तशी गँग दिसते. मुकादम रुळाला डोळा लावून पालथा पडला आहे, लांबवर पाहतो आहे आणि हाताने खुणा करतो आहे: इथे उचला, तिथे बसवा. दोघे पहारीने स्लीपर तोलतात, बाकीचे बीटरने खाली खडी ठोकतात, आणि त्यांच्यातला एकजण ओळ म्हणतो तिच्या तालावर सगळ्यांचे हात पडतात. या तालुक्यांत हे काम कधीच संपत नाही, कारण खाली काळी माती आहे. कापसाला ती सोने आहे, रुळाला वैरी. पावसाळ्यात ती फुगते, वरची खडी गिळते, एका बाजूचा रूळ खाली बसतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि दुसरी बाजू खचते. ज्या काळ्या मातीतल्या कापसासाठी ही लाइन टाकली, त्याच मातीशी ही दहा-बारा माणसे रोज भांडतात. भरावाच्या कडेचे चर मोकळे ठेवणे, मोरीत अडकलेला पालापाचोळा काढणे, कोवळी बाभूळ मुळाशी उपटणे, ही त्यांची रोजची कामे. गाडी चालते ती इंजिनाने, हे खरे आहे. पण ती रुळावर राहते ती यांच्यामुळे.

पीजे आली. डबे लहान, माणसे दाट. कोणी जामनेरच्या बाजाराला, कोणी शेंदुर्णीहून त्रिविक्रमाचे दर्शन करून परतलेले, कार्तिकातल्या जत्रेचा गुलाल अजून कानशिलावर. कापसाच्या गाठी, केळीचे घड, एक कोकरू. गर्दीतून दोन परदेशी पेट्या उतरताना दिसल्या तर नवल वाटून घेऊ नका. अजिंठ्याला जवळचे स्टेशन हेच. दहा वर्षांपूर्वी लेडी हेरिंगहॅम आणि तिच्याबरोबर नंदलाल बोस चित्रांच्या नकला करायला आले तेव्हा ही गाडी नव्हती. आता आहे, आणि याच हिवाळ्यात निजाम सरकारने बोलावलेले दोन इटालियन, लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी, लेण्यांत कामाला लागत आहेत. भिंतीपासून सुटलेला गिलावा ते पुन्हा चिकटवतील. पोपडे पडता पडता वाचलेले कितीतरी चेहरे त्यांच्यामुळे आज आपल्यासमोर आहेत.

त्यांनी चित्रांवर लाखेचे व्हार्निशही दिले. पुढे ते पिवळे पडले, काळवंडले, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते उतरवायला फार कष्ट पडले. जुनी वस्तू सांभाळायची तर जीव लावणे हवेच. पण तिला काय सोसते हे शिकायलाही हवे. ही गोष्ट खिशात ठेवा, पुढच्या मुक्कामी लागेल.

पुढचा मुक्काम दूर आहे. डब्यात चढा, डोळे मिटा. उघडाल तेव्हा खिडकीबाहेर समुद्रावरून येणारा गार वारा आहे, हिरव्या टेकड्यांवर मेंढ्या आहेत आणि तारीख 14 मे 1951. गाव टाविन, देश वेल्स. रूळ तुमच्या पीजेपेक्षाही अरुंद, सव्वादोन फुटांचे. ही टॅलिल्लिन रेल्वे 1865 मध्ये डोंगरातला पाटीचा दगड खाणीतून खाली आणायला बांधली. खाण बंद पडली, मालक सर हेडन जोन्स मागच्या वर्षी वारले, आणि हिशेबाने ही गाडी त्यांच्याबरोबरच संपायला हवी होती. पण 1950 च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला एक सभा झाली. टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने पुढाकार घेतला आणि ठरले की ही लाइन आपण, म्हणजे कारकून, मास्तर, मेकॅनिक, विद्यार्थी, यांनी फुकट राबून चालवायची. जगात असे कोणी आधी केले नव्हते.

खाली उतरून रूळ पाहा. पहूरच्या चावीवाल्याने हे रूळ पाहून कपाळाला हात लावला असता. स्लीपर कुजलेले, खिळे सुटलेले. कित्येक जागी दोन रूळ आपापल्या जागी धरून ठेवले आहेत ते दाट वाढलेल्या गवताने. तेव्हा गवत काढतानासुद्धा विचार करावा लागतो. चालू स्थितीतले इंजिन एकच, 1866 चे डॉलगॉक. तरी आज पहिली गाडी सुटते आहे, आणि ज्याने तिकीट दिले तो गेल्या आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या कचेरीत हिशेब लिहीत होता. पुढच्या वर्षी या गाडीवर हौसेने गार्डचे काम करायला एक पाद्री येईल. आपल्या मुलांना 'थॉमस' इंजिनाचे कार्टून ठाऊक आहे, त्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री ते हेच.

इथे थोडा वेळ काढा, कारण या गाडीबद्दल लोक फक्त प्रेमाचे कौतुक सांगतात. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरे. या हौशी मंडळींनी स्वतःला शिकवले. जुन्या कामगारांच्या हाताखाली राबले. रूळ कसा उचलायचा, गेज कसे मोजायचे, कोणाला इंजिनाला हात लावू द्यायचा आणि कोणाला नाही, याची शिस्त त्यांनी बसवली. सरकारी तपासनीस आला की त्याच्यापुढे उभे राहण्याची तयारी ठेवली. म्हणून ती गाडी आजही चालते, आणि ब्रिटनमध्ये तिच्यामागून कितीतरी गाड्या उभ्या राहिल्या. मघाच्या व्हार्निशची आठवण इथे ठेवून पुढे निघा.

परतताना 1980 च्या दशकावरून वेगाने चला, पण खिडकीतून औरंगाबादेतल्या सभा ऐका. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद मनमाडपासून रुंद रूळ मागत आहेत. मीटरगेजमुळे मराठवाड्याचा माल आणि माणूस मनमाडच्या फलाटावर उतरून दुसऱ्या गाडीत चढत होता. ब्रॉडगेज आपल्याला लढून मिळाले, 1990 च्या दशकात. हे विसरून जुन्या गाड्यांचे गोडवे गाणे बरे नाही. जामनेरच्या, शेंदुर्णीच्या माणसाला मुंबईची गाडी गावातून मिळायला हवी, हा त्याचा हक्क आहे. मात्र तेव्हा मीटरगेजचा एखादा मैलसुद्धा चालता ठेवावा असे कोणाला सुचले नाही, आणि निजामकालीन गाडी कशी होती हे आज तुमच्या मुलाला दाखवायला रूळ उरलेला नाही.

आता उतरा, मार्च 2020. पहूर स्टेशनवर वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आलेले आहे, एवढाच फरक नजरेत भरतो. डबे तसेच लहान, माणसे तशीच दाट. एसटीच्या मानाने तिकीट अगदी स्वस्त, म्हणून मजूर, दूधवाले, शाळेची पोरे सगळी याच गाडीला. बाजारात, बसमध्ये एकच विषय, करोना. 22 मार्चच्या जनता कर्फ्यूबरोबर देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे बाकीच्या बहुतेक एकेक करून सुटल्या. पीजे सुटली नाही.

तुम्ही रेल्वेच्या मोठ्या नकाशावर हे पाहिलेत तर एक केसाएवढी रेघ पुसली गेली इतकेच दिसेल. म्हणून नकाशा नको, रुळावरून चाला. पहिल्या पावसाळ्यानंतर चला: चर बुजले आहेत, मोरीच्या तोंडाशी गाळ आहे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर वेड्या बाभळीच्या फांद्या रुळांवर आडव्या आल्या आहेत, काटे तुमच्या शर्टात अडकतात. हातोडा कुठेच वाजत नाही. चावी चोरीला गेली तरी कोणाला कळणार नाही, कारण रोज सकाळी ती मोजणारा माणूस आता येत नाही. काळ्या मातीला मध्ये कोणी आडवे आले नाही की तिला किती थोडा वेळ पुरतो, हे इथे दिसते.

लोक मात्र गप्प बसले नाहीत. पाचोऱ्यात पीजे बचाव कृती समिती उभी राहिली. निवेदने, आंदोलने झाली. तिकडे विदर्भात अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला थांबली, तिच्यासाठीही गावकऱ्यांनी सत्याग्रह केला. पाचोरा-जामनेरच्या रुंदीकरणाला आणि पुढे बोदवडपर्यंत नेण्याला, सगळी मिळून सुमारे 84 किलोमीटर, मंजुरी मिळाली. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि त्यासाठी भांडलेल्यांचे ऋण मानले पाहिजे.

पण समितीतल्या एखाद्याने ठरवले असते की मी रविवारी चार पोरे घेऊन जातो, शेंदुर्णीजवळचे चर मोकळे करतो, बाभळी तोडतो, बोल्टांना तेल देतो, तर काय झाले असते? रेल्वे कायदा 1989, कलम 147. रेल्वेच्या हद्दीत परवानगीवाचून शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चालत्या लाइनीवर हे कलम योग्यच आहे, माणसे वाचवते. बंद लाइनीवर ते जीव लावणाऱ्या माणसालाच कुंपणाबाहेर ठेवते. वेल्समधल्या त्या मास्तर-कारकुनांजवळ जे होते ते आपल्या गावांत कमी नाही. श्रमदान आपल्याला कोणी शिकवायला नको. गाडगेबाबांच्या मुलखात हातात खराटा घेणारे मिळतात, पाणलोटाची कामे गावांनी अंगमेहनतीने केली आहेत. कमी आहे ती एक रीत, ज्यात रेल्वे म्हणेल की हा एवढा तुकडा तुमचा, हा तुमचा प्रशिक्षक, हे नियम.

सरकारला जुनी गाडी राखता येत नाही असे नाही. दार्जिलिंग 1999, निलगिरी 2005, कालका-सिमला 2008, अशा तीन डोंगरी गाड्यांना युनेस्कोची मोहोर मिळाली. आपली माथेरानची राणी 1907 पासून आहे, 2005 च्या पावसाने वाहून गेलेला मार्ग पुन्हा बांधून ती चालू केली. गुजरातेत बिलीमोरा-वघई बंद झाली होती, लोकांनी मागणी लावून धरली आणि 2021 मध्ये ती पुन्हा सुटली. डोंगरातली गाडी देखणी असते, तिच्यामागे पर्यटक उभे राहतात. सपाटीवरच्या कापसाच्या गाडीचे फोटो छापून येत नाहीत. पण पीजेच्या मागे तर अजिंठा उभा आहे! जिथे जगभरची माणसे येतात तिथून अर्ध्या तासाच्या आत पहूर आहे. लेण्यांतली चित्रे वाचवायला इटलीहून माणसे आणली; त्या लेण्यांना जवळचे असलेले हे स्टेशन वाचवायला सोयगाव आणि पाचोऱ्याहून माणसे येतील, त्यांना यायचे आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. ब्रॉडगेज होऊ द्या. रुंद गाडीला मोठी वळणे लागतात; जिथे कुठे नवी लाइन जुने वळण सोडून सरळ जाईल, तिथे उरलेला जुना भराव, एखादे लहान स्टेशन, दोन-चार मैल रूळ, दोन डबे आणि एक इंजिन भंगारात काढू नका. ते गावांच्या एका नोंदणीकृत मंडळाच्या हवाली करा. कुर्डुवाडीच्या कारखान्यात नॅरोगेजच्या दुरुस्तीत हयात घालवलेले हात अजून आहेत, पीजेवर नोकरी करून निवृत्त झालेले गँगमन याच गावांत राहतात. त्यांना गुरुजी करा. हे आत्ताच व्हायला हवे, कारण रूळ पुन्हा विकत घेता येतात; खणकन आणि भद्द यातला फरक ओळखणारा कान या माणसांबरोबर जाईल.

आता शेवटचा टप्पा, पुढे. साल मी घालत नाही, ते तुमच्या-माझ्या हातात आहे. रविवारची सकाळ, पहूरच्या अलीकडे. अंगात नारिंगी जाकीट घालून तुम्ही संभाजीनगरहून पहिल्या बसने आला आहात. शेंदुर्णीच्या ज्या शाळेत एके काळी पळसखेड्याचा ना. धों. महानोर नावाचा मुलगा शिकत होता, तिथले एक मास्तर नोंदवहीत तुमची सही घेतात. आयटीआयची तीन मुले गेजपट्टी तेलाने पुसत आहेत. सोयगावच्या दोघी बहिणी मोरीचे तोंड मोकळे करून चिखलाने माखून वर आल्या आहेत. भरावाखाली मंडळाने ठेवलेला एक डबा उभा आहे, त्याचा अर्धाच रंग झाला आहे.

निवृत्त मुकादम रुळावर पालथे पडून डोळा लावतात. तुम्ही गेला तासभर बीटर मारून मारून तळहाताला फोड आणलेत, आणि तुमचा स्लीपर आता पक्का बसला असे तुम्हाला वाटते आहे.

"कोणी भरला हा?" ते विचारतात. तुम्ही हात वर करता.

"खाली पोकळ आहे भाऊ. एका बाजूनेच ठोकले तुम्ही. काढा खडी, दोघे समोरासमोर उभे राहा आणि परत भरा. दहाच्या आत झाले पाहिजे, शाळेची पोरे येणार आहेत."

तुम्ही बीटर उचलता. समोरून सोयगावच्या बहिणींतली मोठी दुसरा बीटर घेऊन येते.